पावाबरोबर बरी, बटाट्यांबरोबर कडू

रोज दुपारी दीडच्या सुमारास विसी आत्या पावाचं टोक मोडायची, पेल्यातल्या घोटभर वाइनमध्ये बुडवायची, उभ्याउभ्याच खायची आणि मगच चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलायची. चव कशी होती हे ती कधी सांगत नसे. पण तिनं नाक मुरडलं, की माझे वडील, तिचा धाकटा भाऊ फेर्मीन, जेवण टाकून तळघरात जायचे.

स्पेनमधल्या एब्रो नदीकाठचा द्राक्षमळा आणि ते वाइनचं तळघर दोघा भावंडांचं. आत्यानं लग्न केलं नाही. हिवाळ्यात वेलींची छाटणी, रोज माणसांचा स्वयंपाक आणि वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, निवाडा. वडील तीन सुरया भरत. तिन्हींत तेंप्रानियो जातीच्या द्राक्षांचीच वाइन जास्त. गार्नाचा आणि ग्रासियानो या जातींची कमीअधिक. आत्या डुकराचं लाल सॉसेज घालून बटाटे शिजवायची. त्यांच्याबरोबर जी सुरई आधी रिकामी होईल, तेच मिश्रण टाकीत जायचं.

"लोक वाइन काय नुसती पितात? जेवतात ना?" एवढंच तिचं शास्त्र.

तिचा रक्तदाब वाढला त्या वर्षी डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. आत्यानं मान डोलावली आणि घरी येऊन नेहमीसारखं मूठभर मीठ भांड्यात टाकलं. मी सुट्टीवर आले होते. चुलीशेजारच्या मातीच्या बरणीतलं मीठ मी गुपचूप बदललं, औषधाच्या दुकानातलं, रक्तदाबवाल्यांसाठीचं कमी सोडियमचं भरलं. तिच्या भल्यासाठीच.

दुसऱ्याच दिवशी निवाडा होता.

"कडू," पहिला घोट घेऊन आत्या म्हणाली.

"दुसरी बघ, ताई."

"तीही. तिसरीही." तिनं बेकरीतल्या पावाचं टोक मोडून दुसऱ्या सुरईत बुडवलं. "पावाबरोबर बरी लागते. बटाट्यांबरोबर कडू. हा काय प्रकार आहे, फेर्मीन?"

"मलाही कडूच लागतेय. पण तू म्हणालीस म्हणून लागतेय की काय, कळेना."

"तुला कधी काय कळलंय! सर्दी झाली की तुला वाइन काय आणि व्हिनेगर काय."

वडील हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी टाकी भरायची होती. एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं काढता येत नाही. आत्यानं पुन्हा बटाटा खाल्ला, पुन्हा घोट घेतला, स्वतःचा तळहात चाटून बघितला. मग सावकाश एप्रनची गाठ सोडली.

"यंदा तूच ठरव. माझी जीभ गेली."

एकतीस वर्षांत तिनं हे कधी म्हटलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, कडू लागत होतं ते बटाट्यांतलं मीठ. बोलावं, तर ती पुन्हा मुठीनं मीठ घालणार. गप्प राहावं, तर हा एप्रन पुन्हा कधी बांधला जाणार नाही. कोणतं वाईट, मला उमजेना.

"आत्या, मीठ मी बदललंय."

तिनं बरणीत बोट घालून चाटलं.

"म्हणजे जीभ आहे ना?"

"आहे."

"मग कोणाचं काय गेलंय?"

"माझं डोकं."

आता मात्र वडील हसले. कोणाला, ते कळलं नाही.

शेजारच्या पेट्राकडून वाटीभर मीठ आलं. बटाटे नव्यानं चढले. अंगणात वेलीच्या वाळल्या काड्यांवर कोकराच्या बरगड्याही भाजल्या, वर जाडं मीठ. दुसरी सुरई केव्हा संपली, कोणाला कळलंही नाही.

त्यानंतर चुलीशेजारी दोन बरण्या उभ्या राहिल्या, एकीत साधं मीठ, एकीत माझं, दिसायला दोन्ही सारख्याच. निवाड्याच्या दिवशी ती कोणती उघडणार, हे मला ठाऊक होतं. एरवी कोणती उघडायची? मी विचारलं नाही. सुट्टीवर आले की बटाटे खाताना ओळखायला बघायची आणि दर वेळी गोंधळायची. कधी कडसर भास व्हायचा, कधी अजिबात नाही. आत्या समोर बसून माझं तोंड बघायची आणि पावानं ताट पुसायची.

पुढच्या ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी संपली आणि मी कॉलेजला परत निघाले. दुपारची वेळ होती. आत्या चुलीपाशी उभी होती, हातात पावाचं भिजलेलं टोक. त्याच आठवड्यात ती गेली, झोपेतच. पण त्या दुपारी मी उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा मागे न वळता ती म्हणाली,

"तुझं ते कडू मीठ संपलंय गं. येताना आण."