काचेचं कौल

लढाई संपली तरी आमचे मालक अजून पलटणीतच होते, म्हणून स्वयंपाकघराचं काम मीच अंगावर घेतलं. चूल नवी घातली, भिंती लिंपल्या आणि कौलं आणायला कराडला गेले. तिथला कौलवाला प्रत्येक कौल बोटातल्या अंगठीनं वाजवायचा. बद्द आवाज आला की तडकलेलं म्हणून बाजूला ठेवायचा. नजर मात्र रस्त्यावर.

मी म्हटलं, "एक काचेचं कौल द्या. सैपाकघरावर बसवायचंय."

त्याचा हात थांबला. "आवं बाई, काचेचं कौल सोप्यावर बसवत्यात, गडीमाणसं बसत्यात तितं. सैपाकघरात चुलीचा उजीड आसतोय की. बायकांच्या हाताला सवय आसती."

माझं डोकं सणकलं. आमच्या सासूबाईंचे डोळे त्याच उजेडात गेले होते. वर पाहिलं तर ह्याच्या बैठकीवर काचेचं कौल, आणि ऊन मांडीवर पडलेलं.

"तुमी तर कानानं कौलं निवडताय," मी म्हटलं. "तुमाला उजीड कशाला? ते वरचंच काढून द्या."

तो उठला. आतून काचेचं कौल आणलं आणि न वाजवताच माझ्यापुढं ठेवलं.

मी ते उचललं आणि त्याच्यासमोर हातातल्या पाटलीनं वाजवून घेतलं.