तिसरा खटका

उस्तादाला उस्ताद म्हणणारे अर्धे लोक त्याच्या कामामुळे म्हणत आणि अर्धे त्याच्या तोऱ्यामुळे. तोरा होताच. तीस वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून बसवणारा माणूस, त्याच्यापुढे तोंड उघडणार कोण? धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली शिकला आणि चाळिशी उलटली तरी प्रत्येक बोल्टला "दादा, आवळू?" विचारत राहिला.

आणि उस्तादाचे कान गेले होते. आधी बारीकसारीक आवाज गेले, मग बायकोचं बोलणं. पण कबूल करेल तर शपथ! कुणी काही म्हणालं की हा गडी मान हलवायचा. बायको एकदा म्हणाली, "कान दाखवून येऊ या," तर नेमकं तेवढंच याला ऐकू आलं, आणि दोन दिवस घरात अबोला. बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण देईल, ही त्याची धास्ती. धास्ती खोटी नव्हती, पण म्हणून काय सोंग करायचं?

अशात एक दातांच्या डॉक्टरीणबाई वडिलांची जुनी लांबलचक गाडी घेऊन आल्या. तिचा मूळचा दोन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स पार खलास झालेला, आणि त्याचे पार्ट शोधूनही मिळेनात. उस्ताद म्हणाला, नंतरच्या काळातला चार गिअरचा बसवू. पाच आठवडे दोघे भाऊ गाडीखाली. बॉक्स पेलणारा आडवा पट्टा कापून मागे सरकवला, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा आखूड केला, तेलाच्या नळ्या नव्याने वळवल्या. काम देखणं झालं, ते मान्य करायलाच हवं.

राहिला कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तेलाचा गोल डबा. तो फिरवत फिरवत बॉक्समध्ये ढकलायचा. आत जाताना तीन खटके येतात. तिसरा आला नाही तर डबा बॉक्सच्या तोंडाशी असलेल्या तेलाच्या पंपात नीट बसलेलाच नसतो, आणि तसंच आवळलं की पंप फुटतो. हात धाकट्याचे, खटके मोजणार उस्ताद, ही त्यांची जुनी पद्धत. ती मोडायची तर कारण सांगावं लागलं असतं.

धाकट्याने डबा ढकलला. "दादा, झाले ना तीन?"

उस्तादाने त्याचे ओठ पाहिले, प्रश्न ओळखला, मान हलवली.

"मला दोनच वाटले," धाकटा खाली बघत म्हणाला. उस्तादाने पुन्हा मान हलवली.

बॉक्स वर चढवला तर इंजिनाला टेकेना, बोटभर फट राहिली. धाकटा थबकला. उस्तादाने हातानेच खूण केली, आवळ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी किल्ली फिरवली. असा कर्कश आवाज निघाला की समोरचा चहावाला दारात आला, आणि उस्ताद बाईंकडे बघून कौतुकाने हसत होता. गाडीखाली लाल तेल पसरलं तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला.

"कुणी बसवलं हे?" बाईंनी विचारलं.

धाकट्याने दादाकडे पाहिलं. उस्ताद फरशीवरचं तेल बघत राहिला.

"माझ्याकडून चुकलं," धाकटा म्हणाला. "घाई केली मी."

बाई गेल्यावर तो उस्तादासमोर जाऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला, "दादा, तुला ऐकू येत नाही, हे मला तीन वर्षं माहीत आहे."

"मग विचारलंस कशाला?"

"एकदा तरी खरं सांगशील, म्हणून."

उस्तादाला हे सगळं नीट कळलं. तो म्हणाला, "बोल्ट तूच आवळलेस ना?"

धाकट्याने नवा पंप आणून स्वतः बसवला, कन्व्हर्टर किती आत गेला ते पट्टीने मोजलं, गाडी बाईंच्या दारात नेऊन उभी केली, आणि पुन्हा आला नाही. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, दोन गल्ल्या सोडून. उस्तादाकडे कुणी त्याची चौकशी केली, तर उस्ताद सांगतो, "हात चांगला होता हो पोराचा. पण माझं ऐकायचा नाही."