दाजींची मोटार आणि तिचे जोड

जगात कुठंतरी काहीतरी जळतंय आणि ते फक्त आपल्यालाच कळलंय, असं मानून सगळं आयुष्य काढलेला एकच माणूस मी पाहिला. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, आमचे दाजी. कोल्हापुरात त्यांचा छोटा छापखाना होता आणि तो बंद करून घरी आल्यावर ते एकदा तरी परत जाऊन दिव्याची बटणं बघून यायचे. कुणाच्याही लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की दाजी अक्षता हातात धरून मांडवाच्या वायरींकडं बघत उभे. एकदा तर मधेच, 'वास येतोय,' म्हणून ते मांडवामागं धावले. वास खराच होता, पण जळालेली निघाली आचाऱ्याची जिलेबी. आचारी चिडला, अक्का लाजली. दाजी मात्र, जिलेबीवर भागलं, या समाधानात जेवायला बसले.

अशा माणसानं सत्तरच्या दशकात एक जुनी विलायती मोटार विकत घ्यावी हे नवलच. तिच्या वायरींवर रबराऐवजी कापडाचं वेष्टण होतं आणि ते पार विरलेलं. ते पाहिल्यापासून दाजींची झोप उडाली. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून पितळी कनेक्टर आणून त्यांनी एकेक जोड बदलायला घेतला. रविवारी गेलं की गाडीच्या दारातून त्यांचे दोन पाय तेवढे बाहेर दिसायचे. अक्का चहा त्या पायांशी ठेवायची आणि घरातल्या अडचणीही पायांनाच सांगायची. सगळे जोड बदलून झाल्यावर काळजी मिटेल असं आम्हांला वाटलं होतं. झालं उलटंच. आता ते जोड त्यांनी स्वतः केलेले होते, म्हणजे चूक झाली तर ती त्यांचीच. म्हणून रोज सकाळी देवपूजा झाली की ते प्रत्येक जोडाला हात लावून, जरा हलवून बघायचे. जोतिबाला निघालो तरी पंचगंगेच्या पुलापलीकडं पहिला थांबा ठरलेला. बॉनेट उघडायचं, हात लावायचा, हुंगायचं. गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं ते वरचेवर जायचे. मिस्त्री त्यांना बसवून घ्यायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "दाजी, गाडी बरी हाय. दुरुस्तीला तुमी आलाय."

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला गारगोटीला माहेरी गेली होती. तिला बघायला म्हणून दाजी आणि मी एका सकाळी मोटारीनं गेलो, आणि आम्ही पोचतो तोच तिच्या कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मूल आडवं आहे, इथं जमणार नाही, कोल्हापूरला हलवा. मी दाजींकडं बघितलं. त्यांनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. ते उठले आणि किल्ली घेऊन बाहेर गेले.

मागच्या सीटवर बायको सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. ऊस तोडणीचे दिवस. बिद्रीजवळ बैलगाड्यांची रांग लागलेली आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास हवेत भरलेला. दाजी हळूच म्हणाले, "वास येतोय." मी म्हटलं, कारखान्याचा आहे, चला. सासूबाईही काकुळतीला येऊन म्हणाल्या, "पावणं, आता थांबू नका." तरी दाजींनी गाडी कडेला घेतली. मागून बायकोचं कण्हणं आलं आणि माझा तोल सुटला. माझी बायको हितं मरंल, असं मी त्यांना ओरडून बोललो.

"गाडी पेटली तर तिला भाईर काढाय आपल्याला जमायचं न्हाय," ते म्हणाले. आणि त्याच वेळी डॅशबोर्डाखालून धुराची बारीक रेघ वर आली.

त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडवली. मग आत शिरून एक काळा पडलेला जोड बाहेर ओढला, जळालेला तुकडा कापला, वायर सोलून नवा कनेक्टर बसवला, टेप गुंडाळली. "पोरी, झालं बघ, निघालोच," एवढंच ते मधे एकदा बोलले. उसाच्या गाडीवानांनी बैल बाजूला घेऊन आम्हांला वाट करून दिली. माझी मुलगी त्या संध्याकाळी कोल्हापुरात पोट फाडून काढली. दोघी वाचल्या.

पुढं मी ती मोटार मिस्त्रींना दाखवली. त्यांनी तो जळका तुकडा हातात फिरवून बघितला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जोड चांगला केलता. रोज हलवून हलवून सैल पडलाय. सैल जोड तापतोय. पर त्येंना सांगू नका. सोताला खात बसतील." मी सांगितलं नाही. घरात सगळे दाजींच्या नाकाचं कौतुक करायचे तेव्हाही नाही.

बऱ्याच वर्षांनी, नजर अधू झाल्यावर दाजींनी गाडी विकली. पेठ वडगावच्या एका तरुण शेतकऱ्यानं ती घेतली. पोचवायला आम्ही दोघं गेलो. चालवत मी होतो. त्याच्या अंगणात दाजींनी बॉनेट उघडून त्याला एकेक वायर समजावून सांगितली. तोही बिचारा मान डोलवत ऐकत राहिला. शेवटी ते म्हणाले, "आणि आणखी एक. रोज हात लावून बघायचं न्हाय. आपल्या हातानंच जोड सैल पडत्यात. मी गारगोटीच्या वाटंवर शिकलोय त्ये." हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही. कुंपणापलीकडं म्हैस चरत होती, तिच्याकडं बघत राहिलो.

परत येताना एस.टी.त त्यांना खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटली न सुटली तोच त्यांची मान माझ्या खांद्यावर आली आणि ते घोरायला लागले. कंडक्टर आला, त्याला मी खुणेनंच दोन तिकिटं मागितली. कोल्हापूरचा स्टँड आला, माणसं उतरली, बोचकी उतरली. कंडक्टर दारात उभा राहून आमच्याकडं बघत होता, तरी दाजींना उठवायला माझा हात पुढं होईना.