ताईला विचारावं लागेल

फ्रेमवाल्याच्या हाताला काच लागणं यात नवं काही नव्हतं. चिंधी बांधायची आणि पुढची फ्रेम हातात घ्यायची, एवढाच त्याचा दवाखाना. या खेपेला मात्र तळवा टम्म सुजला, ठणका कोपरापर्यंत गेला, आणि स्वारी निमूटपणे डॉक्टरांसमोर जाऊन बसली.

"पेनिसिलीनच्या जातीतलं औषध पूर्वी कधी बाधलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

लहानपणी काहीतरी झालं होतं खरं. घसा धरला होता, कसलंसं औषध दिलं होतं, मग घरात नुसती पळापळ. नक्की काय झालं ते ठाऊक आईला आणि ताईला. आई गेली. आणि आईच्या शिलाई मशीनवरून त्यानं ताईशी जो अबोला धरला, तो आजतागायत. मशीन त्याच्या दुकानात गंजत पडलं होतं. चालवता दोघांनाही येत नव्हतं.

"नाही," म्हणून तो मोकळा झाला.

घरी येऊन कॅप्सूल तोंडाशी नेली आणि हात थांबला. भीती वाटलीच. पण खरं सांगायचं तर ताईला फोन करायला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कारण मिळालं होतं. तिचा आवाज ऐकायला तो आसुसला होता.

"ताई, मी बोलतोय."

पलीकडे भांडी वाजायची थांबली. "बाळ्या? बरा आहेस ना?"

या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यानं औषधाचं नाव वाचून दाखवलं, पेनिसिलीनच्या जातीतलं आहे म्हणाला.

"घेतलं नाहीस ना? ठेव ते खाली. असल्याच औषधानं तोंड सुजून डोळे मिटले होते तुझे. श्वास घेता येईना. पुन्हा कधी देऊ नका म्हणून बजावलं होतं आईला. आत्ता परत जा, डॉक्टरांना खरं सांग, दुसरं लिहून घे. आणि बरं वाटलं की मध्येच सोडशील, ओळखते मी तुला. सांगितलंय तितकं पुरं कर. रोज फोन करून कळव."

डॉक्टरांनी औषध बदललं. रोज संध्याकाळी फोन. "घेतलीस?" "घेतली." त्यापुढे दोघांचीही गाडी सरकत नसे. सूज उतरली, ठणका गेला, आणि गोळ्या संपत आल्या तसा त्याचा जीव खालीवर व्हायला लागला. बरं होण्याचं एवढं दुःख कुणी केलं नसेल.

शेवटची गोळी घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यानं फोन लावला.

"काल संपल्या ना रे गोळ्या?" ताई म्हणाली. "मग आज कशाला?"

"उगाचच."

तिनं भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "उगाचच करायला इतकी वर्षं काय झालं होतं तुला?"