काटेरी गोळा आणि आमची विहीर

आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. लेकीने मात्र समुद्रातला एक काटेरी गोळाच डोक्यात घेतला. सी अर्चिन म्हणतात त्याला. कॉलेजच्या सहलीत ओहोटीच्या खडकांवर तो दिसला आणि बाईसाहेबांनी ठरवून टाकलं, पुढचं शिक्षण कोकणात, याच्यावरच. नवऱ्याने नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं, "आबा म्हणतील तसं." आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्याकडून होकार मिळवणं सोपं नव्हतं.

संध्याकाळी तिने गोळ्याचं रिकामं कवच त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"आपल्या इहिरीत सोड की एखादा," ते म्हणाले. "पाणी खारंच हाय."

आमचं गाव जळगाव जामोदच्या खाली, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी ना धड पिता येत, ना पिकाला देता येत.

"नाही जगत, आबा. त्याले समुद्राएवढंच खारं लागते. खाडीत नदीचं गोडं पाणी मिसळते, तिथंही तो सहसा राहत नाही."

मग तिचं तोंड सुटलं. एक जात लाटा आपटतात तिथे खडकाच्या खळग्यात राहते, दुसरी शांत किनाऱ्याच्या वाळूत स्वतःला पुरून घेते. पिल्लं आधी काही आठवडे पाण्यात तरंगतात, सोयीची जागा लागली की खाली बसतात.

"आन जागा चुकली तं?"

"मंग बहुतेक मरतात. मोठं झाल्यावर लांब जाता येत नाही त्याईले."

सासरे कवच फिरवून पाहत राहिले. मी कपबशा गोळा करत होते. मनात म्हटलं, झालं, आता लग्नाचा विषय निघणार.

निघाला, पण माझ्या लग्नाचा. आमच्याकडे मुलीचा बाप सोयरिकीआधी मुलाकडचं पाणी पिऊन बघतो. माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं, गोड्या पाण्याचं.

"सूनबाई," सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्या बापाले त्या दिवशी आम्ही डोंगराकडून आणलेलं पाणी पाजलं होतं."

हे मला सासरी पहिल्याच घोटाला कळलं होतं. मी बोलले मात्र कधीच नाही.

"पोरीले जाऊ दे," ते म्हणाले. "तिले तिची जागा पाहून बसू दे."

माफी त्यांनी मागितली नाही, मलाही ती नको होती. लेक आज कोकणात आहे. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.