बेंगळुरूची गोल कोपऱ्यांची घरं आणि बापूकाकांचा लाल खडू

बेंगळुरूला जाऊन आर्ट डेको घरं बघायची, असं मी वर्षभर नुसतंच म्हणत होते. प्रत्यक्ष तिकीट काढलं ते मंदारदादाच्या फोनमुळे. मंदारदादा माझा चुलतभाऊ, कॅनडात असतो. त्याचे वडील, म्हणजे माझे बापूकाका, बेंगळुरूत जे. पी. नगरला एकटे राहतात. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

"मृणाल, जातेच आहेस तर त्यांच्याकडेच उतर," दादा म्हणाला. "आणि जरा लक्ष ठेवून बघ. फोनवर मला तेच तेच विचारतात. एकटे राहू शकतील का, ते मला इथून कळत नाही. तुला वाटलं नाही जमणार, तर पुण्यातल्या त्या ज्येष्ठांच्या निवासात नाव घालतो. तू म्हणशील तसं करू."

मी म्हणेन तसं! जिना उतरल्यावर गॅस बंद केला का म्हणून परत वर जाणारी बाई मी. आता माझ्या शब्दावर एका माणसाचं घर राहणार की सुटणार, हे ठरायचं होतं. बॅग भरताना मी यादी तीनदा तपासली.

आधी जायचं कसं ते सांगते. पुण्याहून संध्याकाळी निघणारी स्लीपर बस सकाळी बेंगळुरूत यशवंतपूरला सोडते. हजार-दीड हजारात होतं, शुक्रवारी जास्त. तिथून मेट्रोची ग्रीन लाइन थेट जे. पी. नगरला जाते, गाडी बदलावी लागत नाही. मी उतरले तेव्हा बापूकाका मेट्रो स्टेशनच्या दाराशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर कॅप, हातात पिशवी. "वेळेवर आलीस," म्हणाले. मनातल्या मनात मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

आर्ट डेको म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे एक फॅशन आली. घराचे कोपरे काटकोनात न मोडता गोल वळवायचे. खिडक्यांवरून एकच छज्जा घराभर फिरवायचा. एखादी गोल खिडकी, बोटीला असते तशी. फाटकाच्या लोखंडात उगवत्या सूर्याचे किरण, आणि दर्शनी भागावर सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत घराचं नाव, बहुतेक वेळा कुठलं तरी 'निलय'. मुंबईत अशा इमारतींच्या रांगा आहेत. बेंगळुरूत मात्र ही घरं सुटी सुटी, गल्लीबोळांत, नारळाच्या आणि बदामाच्या झाडांमागे दडलेली आहेत. ती शोधावी लागतात.

आणि बापूकाका ती शोधतात. जन्मभर ते एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चेकर होते. दुसऱ्याने काढलेलं ड्रॉइंग रेघ न् रेघ तपासायचं, आणि ठीक असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. काकू गेल्यावर ते एकटेच गावभर घरं बघत फिरायला लागले. मला फोटो पाठवायचे. माझा नाद तिथूनच सुरू झाला.

पहिला दिवस मल्लेश्वरमचा. संपिगे रोड स्टेशनला उतरलो आणि आधी एका दर्शिनीत शिरलो. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल. 'खाली डोसा' म्हणजे आत भाजी न भरलेला मऊ डोसा, त्याबरोबर सागू नावाची पातळ भाजी, आणि मग एक कॉफी दोघांत. काकांनी काउंटरवर "बाय टू" म्हटलं आणि दोन अर्धे पेले आले. दोघांचं पोटभर खाणं दीड-दोनशेत होतं.

"काय गं," काका कॉफी फुंकत म्हणाले, "तू घरं बघायला आलीस की मला?"

मी म्हटलं, "घरंच बघायला, काका." माझे कान तापले होते. ते हसले आणि कॅप नीट करत बाहेर पडले.

मल्लेश्वरमच्या क्रॉस रोडवर ते पुढे आणि मी मागे. तळहात उंच करून ते रस्त्यात उतरायचे, आणि समोरून येणाऱ्या रिक्षा खरोखर थांबायच्या. माझा जीव खालीवर होत होता. पण घरापुढे उभे राहिले की त्यांचं बोलणं ऐकत राहावं. "ही बाल्कनी बघ. वळण किती सावकाश घेतलंय. आणि जिन्याची ही उभी काच, वरपासून खालपर्यंत. आत उजेड कसा पडत असेल." एका घराच्या गच्चीचा कठडा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत होता. मी फोटो काढायला मोबाइल उचलला, तेवढ्यात लुंगीतले एक गृहस्थ व्हरांड्यात आले.

"यारु बेकु?" कोण पाहिजे?

"यारू बेड सार, मने नोड्ता इद्दीवि. तुंबा चेन्नागिदे." कोणी नको, घर बघतोय, फार सुंदर आहे, असं काकांनी सांगितलं.

गृहस्थांचा विश्वास बसला नाही. मला त्यांनी हिंदीत विचारलं, "ब्रोकर है क्या? बिल्डर ने भेजा?"

हे तुम्हालाही विचारलं जाईल, म्हणून लिहून ठेवते. या गल्ल्यांत अनोळखी माणूस घराकडे टक लावून उभा राहिला की घरमालकाच्या मनात दोनच शंका येतात. एक बिल्डरची, दुसरी रस्ता रुंद करणाऱ्यांची. त्यांनी येऊन भिंतीवर लाल रंगाची खूण केली की अर्धं अंगण गेलंच म्हणून समजायचं. तेव्हा आधी विचारा, मग फोटो काढा, आणि टेप काढून मोजायला तर चुकूनही जाऊ नका.

हा उपदेश मी मनात घोळवतच होते, तेवढ्यात गृहस्थ आत वळले आणि काकांनी खिशातून शिंप्याचा लाल खडू काढून फाटकाच्या खांबावर, खाली उजव्या कोपऱ्यात, चटकन बरोबरची खूण केली.

"काका! काय करताय?"

"तपासलं की खूण करायची. नाहीतर तेच ड्रॉइंग दोनदा तपासलं जातं. वेळ फुकट."

मी इकडेतिकडे पाहून रुमालाने ती पुसली. काका रागावले नाहीत, खडू खिशात टाकून पुढे चालू लागले.

दुपारी चिकपेट. मेट्रोने दोनच स्टेशनं पुढे. साड्यांच्या आणि कापडाच्या गर्दीत चालताना नजर पाट्यांच्या वर ठेवायची. खाली फ्लेक्स आणि वायरींचं जंजाळ, पण दुसऱ्या मजल्यावर अजून उभ्या पट्ट्या आणि गोल कोपरे शिल्लक आहेत. काका मात्र एका शिवणसामानाच्या दुकानात शिरले आणि लाल खडूची डबी घेऊन आले. "संपत आला होता," म्हणाले. संध्याकाळी चहाची साखर शोधताना मी त्यांच्या स्वयंपाकघरातला खण ओढला, तर आत तशाच डब्या. बऱ्याचशा उघडलेल्याही नव्हत्या. मी खण हळूच लावला. साखर वरच्या फळीवर सापडली, पण चहा मला गोड लागला नाही.

मंदारदादाचा मेसेज येऊन पडला होता: 'कसं वाटतंय?' मी लिहिलं, 'उद्या सांगते.'

दुसऱ्या दिवशी नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरून आम्ही शंकरपुरमकडे चालत निघालो. पंधरा-वीस मिनिटांचा सावलीचा रस्ता आहे, पाण्याची बाटली मात्र हवी. एका वळणावर काका थबकले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग घराकडे.

फिकट पिवळं घर. कोपरा पुरता गोल, आणि त्याच्यावरून छज्ज्याच्या तीन रेघा न थांबता पलीकडे गेलेल्या. मधोमध गोल खिडकी. फाटकावर सूर्य. एवढ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पण इतकं नेटकं घर मी पाहिलं नव्हतं.

"मृणाल, हे घर माझ्या नजरेतून सुटलं कसं?" काका म्हणाले. "इतकी वर्षं या गावात आहे. आज पहिल्यांदा बघतोय."

घराभोवती नजर फिरवत त्यांनी सगळं तपासलं. मग वाकून फाटकाच्या खांबावर खूण केली. पुसायला म्हणून मी रुमाल घेऊन खाली बसले आणि माझा हात तसाच राहिला. खांबाच्या तळाशी, सिमेंटच्या पुढे आलेल्या पट्टीखाली, जिथे पाऊस लागत नाही, तिथे लाल खुणाच खुणा होत्या. एकाखाली एक, खालच्या फिकट होत गेलेल्या. सगळ्या एकाच हाताच्या.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर त्या खांबावर होतं, आणि ते मला नको होतं.

दार उघडलं आणि साठी उलटलेल्या एक बाई बाहेर आल्या. कपाळावर अंगाऱ्याचं बोट, हातात जपमाळ. आता बोलणी खायची, या तयारीने मी उभी राहिले. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "यारु बेकु?"

काकांनी कालचंच वाक्य म्हटलं. घर बघतोय, फार सुंदर आहे.

"मराठी वाटतासा," बाई म्हणाल्या. "आत या की. बाहेरनं काय दिसतंय? जिना बघा आमचा."

काका खुशीत आत गेले. लाल गुळगुळीत फरशी, गोल वळणारा जिना, आणि गोल खिडकीतून त्यावर पडलेलं ऊन. ते पहिल्या पायरीशीच रमले. बाईंनी मला कॉफीच्या निमित्ताने आत बोलावलं. नाव सरोजाक्का. माहेर निपाणीकडचं, लग्न होऊन इथे आल्या त्या इथल्याच झाल्या.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"पुतणी."

"बरं झालं कोणतरी आलं." त्यांनी दूध गॅसवर ठेवलं. "पहिल्यांदा ती लाल खूण बघून माझं पाणी पाणी झालं बघा. वाटलं, रस्ता रुंद कराय आले, आता पुढची खोली गेली. आमचे मालक वारलेले, पोरगा परदेशात. दोन दिवस पोटात अन्न गेलं नाही. कचेरीत जाऊन विचारलं, तर ते म्हणाले आमची नव्हं. मग पुढच्या वेळी दाराआड उभी राहिले आणि धरलं."

"भांडलात?"

"भांडायलाच गेलते. तर हे म्हणाले, घर तपासलं, कुठंच चूक नाही. माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं घर हो. असं आजवर कुणी बोललं नव्हतं." त्या जरा थांबल्या. "मग यायलाच लागले. एकदा मी म्हटलं, अण्णा, तुम्ही मागं पण आलासा. त्यांचं तोंड असं झालं की मला बघवेना. तेव्हापासनं मी पण पहिल्यांदाच भेटते."

माझे डोळे भरून आले. "पण हे असंच चालू कसं ठेवायचं, अक्का?"

"डॉक्टरला दाखवा. ते कराच. पण आवडलेलं घर माणूस परत परत बघतंय, त्यात वंगाळ काय आहे?" दूध वर आलं आणि त्यांनी गॅस बंद केला. बंद झाला ना, म्हणून बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. ते पाहून मला या सगळ्यातही हसू फुटलं.

निघताना आम्ही एकमेकींचे नंबर घेतले. काका फाटकाशी त्यांना म्हणाले, "ओळख झाली, आनंद वाटला." सरोजाक्का म्हणाल्या, "मलापण. या एकदा निवांत."

संध्याकाळी काका खाली भाजी आणायला गेले तेव्हा मी गच्चीवरून दादाला फोन लावला. सगळं सांगितलं, खडूच्या डब्यांसकट. एक शब्दही गाळला नाही. त्याने डब्या किती होत्या ते विचारलं. मग म्हणाला, "म्हणजे पुण्याला आणायचं."

"नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका ठाम कसा निघाला याचं मलाच नवल वाटलं. "आधी तू ये. डॉक्टरांकडे ने. घरात सकाळ-संध्याकाळ कोणीतरी माणूस ठेवू. पण पुण्यात आई आणि मी सोडून त्यांना ओळखणारं कोण आहे? इथे एक बाई त्यांना दर वेळी नव्याने ओळखते."

तू म्हणशील तसं, हे दादा या वेळी म्हणाला नाही. पण पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. मी बरोबर केलं का, ते अजून मला ठाऊक नाही. हे लिहिताना मध्येच उठून मी काकांना फोन करून आले. त्यांनी उचलला. प्रवास नीट झाला का, असं विचारलं. पुण्याला पोचून मला आठवडा झालाय.

ज्यांना जायचं असेल त्यांनी लवकर जा. पावसाळा आणि उन्हाळा टाळा, पायात चांगले बूट घाला, आणि शंकरपुरमला गेलात तर त्या पिवळ्या घराच्या फाटकावरच्या लाल खुणा कृपा करून पुसू नका.

काल बॅग माळ्यावर टाकायला काढली. राखाडी कापडी बॅग, तिच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे आईचं लक्ष गेलं.

"हे काय गं लाल लाल लागलंय?"

बरोबरची खूण होती. मी निघायच्या घाईत असताना केव्हातरी केलेली.

"काकांनी मला तपासलंय," मी म्हटलं.

आईने चष्मा लावून वाकून पाहिलं. "पण दोनदा का?"

खरंच दोन होत्या, एकीखाली एक. आई फडकं आणायला वळली, तिला मी हाताला धरून थांबवलं.

"आवडलं असेल, म्हणून परत पाहिलं असेल," मी म्हटलं.