निळे न झालेले शिंपले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही वैशालीला ओळखत नाही – आणि ओळखत असतात तर कदाचित सांगितलंही नसतं.

आज मी अमरावतीत एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत कुणी भांडं नीट धुतलं नाही की मी ओरडते. मुलांना वाटतं, मॅडम शिस्तीच्या आहेत. वाटू दे.

वैशाली आणि मी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. राजापेठेत एका खोलीत राहायचो. ती अंजनगाव सुर्जीची, घरचा भाजीचा मळा. मी अकोल्याची. विषय दोघींचा एकच – ऑस्ट्राकॉड. कोळंबीच्या जातकुळीतला, तिळाहूनही बारीक जीव, दोन शिंपल्यांत मिटून राहणारा. जीव मरतो, शिंपले गाळात टिकतात. गोड्या पाण्यातले वेगळे, खाऱ्यातले वेगळे. म्हणून जुन्या गाळात कोणते सापडतात ते पाहिलं की तिथलं पाणी कसं होतं ते कळतं.

वैशालीला पूर्णेच्या खोऱ्याचं कोडं सोडवायचं होतं. तिच्या मावशीचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. हे मीठ आलं कुठून? एवढाच तिचा प्रश्न. त्यासाठी ती उन्हातान्हात नदीकाठच्या दरडी खरवडत हिंडायची. सर तिचं कौतुक करायचे. माझ्यासमोर. रोज.

मी तेव्हा कोकणातल्या खाडीचा चिखल आणला होता, त्यातले जिवंत ऑस्ट्राकॉड बघायला. आमची बारीक चाळणी एकच. नियम असा, की वापरून झाली की धुवायची आणि निळ्या रंगात बुडवायची. जाळीत एखादा शिंपला अडकलाच तर तो निळा होतो, पुढच्या नमुन्यात आला तरी ओळखू येतो. त्या दिवशी मला अकोल्याची बस गाठायची होती. मी चाळणी नळाखाली धरली, झटकली, ठेवून दिली. रंगात बुडवली नाही.

इथपर्यंत चूकच होती. चूक कुणाकडून होत नाही?

पुढच्या आठवड्यात वैशालीने मला ओढत सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. तिच्या गाळात खाऱ्या पाण्याचे शिंपले निघाले होते. "पाय, पाय यातून! इथं समुद्र आल्ता!" मी पाहिलं. ते माझे होते – माझ्या खाडीतले. बघताक्षणी ओळखले. तेव्हाच बोलले असते तर दोघी हसलो असतो आणि चहाला गेलो असतो.

मी म्हणाले, "मस्तच गं."

का? असूया होती. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

अकोल्याच्या चर्चासत्रात तिने ते मांडलं. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी तिच्या स्लाइड पाहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, या शिंपल्यांत जीवाचे वाळलेले अवयव अजून दिसताहेत, जुन्यात ते उरत नाहीत; हे आजचे आहेत, खाडीतले. सभागृहात कुणीतरी हसलं. सरांचा चेहरा उतरला.

परत आल्यावर सरांनी दोघींना बोलावलं. वैशाली म्हणाली, "सर, मी नाही टाकले. चायनीच्या जाळीतून आले असतीन." सरांनी माझ्याकडे पाहिलं. "चाळणी रंगात बुडवली होतीस?"

"हो, सर."

एवढंच. दोन शब्द. पण शिंपले निळे नव्हते, म्हणजे ते चाळणीतून आलेले नव्हते, म्हणजे तिनेच माझ्या खाडीच्या चिखलाच्या बरणीतले उचलून घातले. माझ्या "हो"मधून हे सगळं आपोआप निघालं – आणि ते निघणार हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले नव्हते हो. गप्प राहिले असते तर निदान भित्री म्हणवले असते. मी खोटं बोलले.

खोलीवर आल्यावर ती रडली. "मले समजूनच नाही राहिलं, ते आले कुठून," म्हणत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला जेवू घातलं. "माझा तुझ्यावर विश्वास आहे," असंही म्हणाले. वैशालीने महिनाभरात पीएच.डी. सोडली. मी पूर्ण केली.

गेल्या वर्षी ती आमच्या कॉलेजात आली होती, मुलीच्या प्रवेशासाठी. अंजनगावातच शिकवण्या घेते म्हणाली. केस पिकलेत, हसणं तसंच. स्टाफरूममध्ये माझा हात धरून मुलीला म्हणाली, "हे माही मैत्रीण. सगळे उलटले तवा एकटी हेच माह्यासंग होती."

मुलगी माझ्या पाया पडायला वाकली.

मी तिला आशीर्वाद दिला.